वेलीला न दुखवता जोडलेले राहण्याविषयी

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात प्रभू येशूने स्वतःला द्राक्षवेल आणि शिष्यांना फाटे म्हटले आहे. निफाड-दिंडोरीच्या बागा पाहत वाढलेल्या नाशिककराला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागू नये. म्हणून ज्यांना देवाशी जोडलेले तर राहायचे आहे, परंतु त्यापायी काहीही सोडायचे नाही, अशा सुज्ञ बंधुभगिनींसाठीच हे चार शब्द.

सकाळी उठल्याबरोबर कुटुंबाच्या ग्रुपवर वचनाचे चित्र पाठवावे. ते आधी वाचलेच पाहिजे असे नाही. रविवारी उपासनेला मात्र चुकू नये. पवित्र शास्त्राचे ॲप असलेला मोबाइल हाती असला, म्हणजे उपदेश चालू असताना त्याच पडद्यावर प्लॉटचे भाव पाहता येतात आणि शेजारच्या मावशींना आपण यशयाच्या पुस्तकात बुडालो आहोत असे वाटते. वायनरीच्या वाटेवर पाळकसाहेब भेटलेच, तर प्रभूने जेथे पाण्याचा द्राक्षारस केला, त्या काना गावच्या लग्नाचा विषय काढावा.

उपवासकाळाचे गणितही समजून घ्यावे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस भरतात 46, आणि त्यांतले 6 रविवार उपवासात धरत नाहीत. शिवाय पवित्र शास्त्रातील दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो. तेव्हा शनिवारी संध्याकाळी मटण शिजवणाऱ्याला कोण दोष देईल? (आमच्या घरी हा शोध लागल्यापासून उपवासकाळ फारच सुसह्य झाला आहे.)

मोहाशी झगडण्यात शक्ती घालवू नये. त्याचे नाव बदलावे. तिसऱ्या फ्लॅटला ‘आशीर्वाद’ म्हणावे, हप्त्याने घेतलेल्या मोठ्या गाडीवर मागच्या काचेला वचन चिकटवावे, आणि भावाचा हिस्सा आपल्या नावावर झाला, तर ‘प्रभूने दार उघडले’ अशी साक्ष द्यावी. वचनाचा आधार हवाच. मंदिराच्या शिरोभागी येशूला मोहात पाडताना सैतानानेही 91व्या स्तोत्राचाच आधार घेतला होता, ही गोष्ट मात्र साक्ष देताना आठवू नये.

नाशिकची शरणपूर ही वस्ती मिशनऱ्यांनी 1854 साली वसवली आणि पुढे गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तेथे आसरा मिळाला. आज शरणपूर रस्त्यावर संध्याकाळी आपण दुकानांच्या ज्या काचांसमोर उभे असतो, त्या पाहता नावातले शरण जाणे आपण अगदीच टाकून दिले आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही.

राहता राहिले त्या अध्यायातले दुसरे वचन. ज्या फाट्याला फळ येते त्यालाच पिता अधिक फळासाठी छाटतो, असे तेथे म्हटले आहे. एप्रिलची खरडछाटणी पाहिलेल्याला हे वाचून घाम फुटतो, कारण तीत हिरवी, भरली बाग एका दिवसात उघडीबोडकी होते, आणि एवढ्यावर भागत नाही. ऑक्टोबरात पुन्हा कात्री येते. तेव्हा हे वचन वगळून पुढे जावे.

आणि कात्री चुकवताना फाटा मुळापासूनच तुटला, तरी घाबरण्याचे कारण नाही. तुटलेली काडी आपल्या तणाव्यांनी मांडवाच्या तारेला घट्ट धरून राहते. दोन दिवस तिची पाने हिरवीच असतात, आणि बांधावरून जाणाऱ्याला ती वेलीचीच वाटते.