सुभेदारसाहेब, ऊन तुमचंच खरं

नमस्कार सुभेदारसाहेब,

तुमची प्रतिक्रिया पहाटे साडेचारला वाचली. जूनमध्ये आमच्या ग्रीन व्हॅलीत माणसं याच सुमाराला उठतात. सगळी पंचावन्नच्या वरची वस्ती. काठ्या, कुत्री, गुडघ्याचे पट्टे असं सगळं सहा-साडेसहापर्यंत फिरून घरात जातं आणि मग दिवस मावळेस्तोवर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पत्र रागाचं आहे, पण शेवटी ‘तब्येतीला जपा’ असं लिहिलंत. म्हणून दोन ओळींत न आटपता सविस्तर लिहितो.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी इथल्या ॲरिझोनातल्या उन्हाळ्याबद्दल आणि घरापासून पंधरा मिनिटांवर असलेल्या टायटन या जुन्या अमेरिकन अणुक्षेपणास्त्राच्या संग्रहालयाबद्दल लिहिलं होतं. शेवटी एक वाक्य होतं: ज्या यंत्राला एकदाही चुकायची मुभा नाही, ते यंत्र माणसाच्या हाती देऊ नये. त्यावर सातारा जिल्ह्यातले हे निवृत्त सुभेदार म्हणतात की एसीत बसून उन्हाच्या गोष्टी सांगू नका, ऊन बघायचं तर जैसलमेरच्या तंबूत बघा. पुढे म्हणतात, ९८ साली पोखरण झालं म्हणून देश ताठ मानेनं उभा आहे. आणि अमेरिकेच्या अणुछत्रीखाली बसून आम्हाला उपदेश करणं शोभत नाही. शिवाय माझी एक चूकही त्यांनी पकडली आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

उन्हाचं सपशेल मान्य. मी अकोल्याचा. सत्तेचाळीस अंशांत डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा घालून शाळेत गेलो आहे. ‘उन्हाचा निंगू नोको रे’ असं आई ओरडायची आणि आम्ही निघायचो. पण ते पन्नास वर्षांपूर्वीचं. आज माझ्या उन्हाळ्याच्या तक्रारी म्हणजे गार पाण्याचा नळ सोडला की गरम पाणी येतं आणि गाडीच्या पट्ट्याची कडी मांडीला चटका देते. ही गैरसोय झाली, सोसणं नव्हे. खरं सोसणारे वेगळेच आहेत. २०२३ साली फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर होता आणि त्या वर्षी फिनिक्सच्या एकट्या मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, उष्म्यानं ६४५ माणसं गेली. कित्येकांना घरच नव्हतं. जे घरात दगावले त्यांतल्या बहुतेकांकडे चालू एसी नव्हता.

‘चालू एसी’ या दोन शब्दांपाशीच मला थांबायचं आहे, कारण तुमचा टोमणा तिथेच होता आणि माझा मुद्दाही तिथेच आहे.

गेल्या जुलैत रात्री अकराला आमचा एसी बंद पडला. मी जन्मभर कारखान्यात देखभाल खात्यात काढली, त्यामुळे बाहेर जाऊन कान लावल्यावर कळलं की कॉम्प्रेसर नुसता हुंकारतोय, फिरत नाही. कपॅसिटर गेलेला. मुठीएवढा डबा, तीसेक डॉलरची वस्तू. दुसऱ्यांच्या कारखान्यात सुटे भाग ठेवा म्हणून मी चाळीस वर्षं कानीकपाळी ओरडलो आणि स्वतःच्या घरात एक सुटा कपॅसिटर ठेवला नव्हता. बायकोनं रात्रभर याची आठवण करून दिली, ते तिच्या हक्काचंच होतं. पहाटेपर्यंत घर ३४ अंशांवर. ओल्या चादरी पांघरून पडलो होतो. माणूस येऊन दुरुस्ती व्हायला दुपारचा एक वाजला.

त्या रात्री मला संग्रहालयातली एक गोष्ट आठवत होती, जी लेखात लिहायची राहून गेली. टायटन-२ या क्षेपणास्त्राचे ५४ तळ होते. त्यातले १८ इथे टूसॉनभोवती, १८ अर्कान्सात, १८ कॅन्ससमध्ये. १९६३ पासून १९८७ पर्यंत ही क्षेपणास्त्रं जमिनीखालच्या खोल विहिरींत टाक्या भरून तयार उभी असायची. हुकूम आल्यावर किल्ल्या फिरवल्या की ५८ सेकंदांत बाहेर. टोकावर ९ मेगाटनचा बॉम्ब, म्हणजे हिरोशिमाच्या सहाशेपट. या टाक्यांतलं एक द्रव्य होतं नायट्रोजन टेट्रॉक्साइड. ते २१ अंशांना उकळतं. वर वाळवंटात ४२ अंश आणि खाली विहिरीत हे द्रव्य! म्हणून ती अख्खी विहीर पंधरा-सोळा अंशांवर ठेवावी लागे, दिवसरात्र, वर्षानुवर्षं. म्हणजे साहेब, एसीत मीच बसलेलो नाही. तो बॉम्बही एसीतच बसला होता. आणि त्याच्या एसीची देखभाल माझ्यासारखाच कुणीतरी करत होता, ज्याला कधी झोप आलेली असेल, कधी घरी बायको आजारी असेल.

आमच्या गल्लीत असा एक जण आहे. सत्तरी उलटलेली, तरुणपणी या तळांवर चोवीस तासांच्या पाळ्या केलेला. ५५ पायऱ्या उतरायच्या, पोलादी दारं ओलांडायची, आणि मग तपासणीच्या याद्या. वाचायचं, दिवा बघायचा, खूण करायची. लक्ष्यं तीन होती, पाटीवर फक्त एक, दोन, तीन असे आकडे. आपण कुणाचं गाव उडवणार हे किल्ली फिरवणाऱ्याला माहीत नसे. मी विचारलं, भीती वाटायची का? म्हणाला, कंटाळा यायचा. मला हे उत्तर भीतीपेक्षा वाईट वाटलं. कंटाळलेल्या हातातून काय काय निसटतं हे मी कारखान्यात पाहिलेलं आहे.

आणि निसटलंच. १८ सप्टेंबर १९८० च्या संध्याकाळी अर्कान्सातल्या डमॅस्कस गावाजवळच्या तळावर देखभालीचं काम चालू होतं. एका पोराच्या हातातून पान्याचा सॉकेट सुटला, आपल्याकडे वर्कशॉपात ज्याला गोटी म्हणतात तो. वजन चारेक किलो. वीसेक मीटर खाली पडला, उसळला आणि क्षेपणास्त्राच्या इंधनटाकीला भोक पाडून गेला. रात्रभर गळती. पहाटे तीनच्या सुमाराला स्फोट झाला आणि विहिरीवरचं सातशे टनांच्या वरचं झाकण उडून गेलं. एक जवान गेला, एकवीस जखमी झाले. बॉम्ब बाहेर फेकला गेला, पण फुटला नाही. त्याच्यातली सुरक्षेची व्यवस्था टिकली, त्या व्यवस्थेला माझा सलाम. पण हातातून गोटी सुटण्याला मी कुणाचा दोष म्हणणार नाही. माझ्याही सुटल्या आहेत. माझ्या खाली पंप असायचा, एवढाच फरक.

तुम्ही म्हणाल, ते अमेरिकेचं झालं, आपल्याकडे शिस्त आहे. शिस्त आहेच, तुम्ही ती तीस वर्षं पाळलीत. पण ९ मार्च २०२२ ची गोष्ट तुम्हीही विसरला नसाल. आपलं एक ब्राह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ जाऊन पडलं. त्यात स्फोटकं नव्हती, माणूस दगावला नाही. आधी आपल्याच सरकारनं तांत्रिक बिघाड म्हटलं, आणि चौकशीनंतर ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं, कारण ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नव्हती. समोरच्यानं त्या दिवशी उलट काही सोडलं नाही, हे आपलं नशीब. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

आता पोखरण. ११ मे १९९८ ला मी मुंबईत होतो आणि आमच्या कँटीनमध्ये पेढे वाटले त्यांत मीही होतो. उपग्रहाला दिसू नये म्हणून जवानांनी त्या वाळवंटात रात्री खपून केलेलं काम, त्याची बरोबरी माझ्या कुठल्याही कामाला नाही. ‘त्याच भागात असून आम्हालाही रेडिओवरच कळलं’ असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून हसू आलं आणि अभिमानही वाटला. आपलं गुपित आपल्याच माणसांपासूनही राखलं गेलं!

पण ‘बॉम्बमुळे युद्ध थांबलं’ हे मला सरळ गिळता येत नाही. दोन्हीकडे चाचण्या झाल्यानंतर वर्षभरातच कारगिल झालं. ५२७ जवान गेले. तुम्ही म्हणता, बॉम्ब होता म्हणून ते तेवढ्यावर राहिलं. शक्य आहे. बॉम्ब होता म्हणूनच समोरच्याला घुसायची हिंमत झाली, असंही म्हणणारे आहेत. मला दोन्ही थोडं थोडं खरं वाटतं. २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी ते चार दिवस मी इथे रात्रभर मराठी वाहिन्या लावून बसलो होतो, तेव्हाही हेच डोक्यात होतं.

आणि एक गैरसमज दूर करतो. बॉम्ब समुद्रात बुडवा असं मी म्हटलेलं नाही. शेजार आपण निवडलेला नाही, हे मला कळतं. माझं म्हणणं ‘तयार’ या शब्दाबद्दल आहे. पहिला वापर करणार नाही हे आपलं धोरण, आणि बराच काळ आपल्याकडे अण्वस्त्र वेगळं आणि क्षेपणास्त्र वेगळं ठेवण्याची पद्धत मानली जात होती. मला ती पद्धत फार शहाणपणाची वाटते. जोडायला वेळ लागतो, त्या वेळात एखादा फोन होतो, एखादी चूक उघडकीला येते. आता अग्नी-५ बंद नळकांड्यातून सुटणारं, म्हणजे अण्वस्त्र आधीच जोडून ठेवता येणारं आहे, अरिहंत पाणबुडी समुद्रात आहे. पाणबुडीत वेगळं काढून ठेवायला जागा कुठली? जसजसं आपण ५८ सेकंदांच्या दिशेनं सरकू, तसतसा सगळा भार त्या गोटीवर येईल. मला भीती शत्रूची कमी आणि स्वतःच्या जातीची, म्हणजे देखभाल करणाऱ्यांच्या जातीची, जास्त वाटते.

छत्रीचं म्हणाल तर हो, बसलो आहे तिच्याखाली. पोराबाळांपाशी राहायला आलो आणि सावली मिळाली, नाकारत नाही. पण छत्रीच्या काड्या कुणाच्या घरात घुसल्या तेही इथेच दिसतं. शेजारच्या न्यू मेक्सिकोत १६ जुलै १९४५ ला पहिला अणुस्फोट झाला. आसपासच्या वस्त्यांना आधी सांगितलं नाही, आणि राख त्यांच्या विहिरींवर, जनावरांवर पडली. त्या लोकांना भरपाईच्या कायद्यात जागा मिळाली २०२५ च्या जुलैत, ऐंशी वर्षांनी. नेवाडातल्या चाचण्यांच्या वाऱ्याखाली राहणारे, युरेनियमच्या खाणीत उतरलेले नावाहो, ही सगळी याच वाळवंटातली माणसं. पोखरणजवळच्या खेतोलाई गावाला तरी कुणी आधी विचारलं होतं का, हे मला तुमच्याकडून ऐकायला आवडेल. तुम्ही त्या बाजूला राहिलेले आहात.

चुकीचं राहिलं. मी लिहिलं होतं की तळावर दोघे जण असत. तुमचं बरोबर आहे, चौघे असत: दोन अधिकारी, दोन हाताखालचे. किल्ल्या दोन, आणि एकाच माणसाला दोन्ही फिरवता येऊ नयेत एवढ्या अंतरावर. किल्ल्या मोजल्या, माणसं मोजायची राहिली. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता माझं एक काम. तुम्ही लिहिलंत की जैसलमेरला गाडीला छागल, म्हणजे पाण्याची कापडी पिशवी, बांधायचात आणि पाणी माठापेक्षा गार व्हायचं. वडिलांकडे एक होती, ती मला अंधूक आठवते. इथे पाऊस येईपर्यंत हवा अगदी कोरडी असते, म्हणजे छागलीला याहून चांगली जागा नाही. म्हणून जाड कॅनव्हास आणून एक शिवून पाहिली. पण सगळं पाणी तासाभरात गळून जातं. कापड आधी किती वेळ भिजवायचं? आणि शिवणीला मेण लावायचं का काही?