ओगासावाराचा धक्का आणि आपला व्हॉट्सॲप ग्रुप

आज दुपारी टोक्योतल्या निशिकासाईच्या आपल्या ग्रुपवर कुणीतरी जपानच्या ओगासावारा बेटांवरचा तो व्हिडिओ टाकला. मोठं जहाज बंदरातून निघालंय, दोन्ही बाजूंनी छोट्या बोटी पळतायत आणि त्यांच्यावरून माणसं एकामागून एक समुद्रात उड्या मारतायत. खाली लगेच शेरा आला, "टुरिस्टांसाठी केलेली नौटंकी. कामधंदे नाहीत का यांना?" आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. तिथेच उत्तर लिहायला बसले होते. ते लांबत गेलं, म्हणून इथे टाकतेय.

नौटंकी म्हणणाऱ्याला त्या बेटावरून जाणं म्हणजे काय हेच ठाऊक नाही. ओगासावारा-मारू हे जहाज टोक्योच्या ताकेशिबा धक्क्यावरून सकाळी ११ ला सुटतं आणि २४ तासांनी, सुमारे १००० किलोमीटर दक्षिणेला, चिचिजिमा बेटाच्या फुतामी बंदरात लागतं. बेटांवर विमानतळ नाही. पत्ता टोक्योचा, गाड्यांच्या नंबरपाट्याही टोक्योतल्या शिनागावाच्या, पण जायला-यायला हे एकच जहाज. गर्दीचे दिवस सोडले तर ते येतं, तीन रात्री थांबतं आणि दुपारी ३ ला परत निघतं, म्हणजे सहा दिवसांत एक फेरी. डागडुजीला गोदीत गेलं की काही आठवडे तेही नाही. चिचिजिमावर दोनेक हजार माणसं, दुसऱ्या बेटावर, हाहाजिमावर, साडेचारशेच्या आसपास. हाहाजिमाच्या माणसाला आधी दोन तासांची बोट धरून चिचिजिमाला यावं लागतं. बाळंतपणाची सोय बेटावर नाही, त्यामुळे दिवस भरत आलेली बाईसुद्धा याच धक्क्यावरून जाते. अशा गावात कुणी जातं ते सगळ्यांना दिसतं. घरं दोन-चारच गल्ल्यांत आहेत, दुसऱ्या दिवशी दुकानात तो माणूस नसतो आणि ते जाणवतं.

मार्चअखेरच्या फेरीला सगळ्यात जास्त गर्दी होते. जपानचं शालेय वर्ष मार्चमध्ये संपतं. शिक्षक, पोलीस, सरकारी कर्मचारी यांच्या बदल्या तेव्हाच होतात. बेटावरच्या हायस्कूलमधून बाहेर पडलेली अठरा वर्षांची मुलं कॉलेजसाठी किंवा नोकरीसाठी मुख्य भूमीवर जातात. तशा एका फेरीच्या वेळी पाहिलेल्या दोघी मैत्रिणी आज मला सारख्या आठवतायत. एक दवाखान्यातली नर्स, तीन वर्षांची नेमणूक संपवून परत निघालेली. दुसरी बेटावरचीच, स्वतःची छोटी बोट चालवणारी, लोकांना डॉल्फिन दाखवायला नेणारी. बेटावरच्या सगळ्या संध्याकाळी दोघींनी एकत्र काढलेल्या. तर सांगायचं हे की जी बोट चालवते तिला उडी मारता येत नाही. सुकाणू सोडून कशी मारणार? तीन वर्षांत इतरांच्या निरोपाला तिने बोट काढली होती, दुसऱ्यांना उड्या मारू दिल्या होत्या, आणि स्वतः दरवेळी मागे वळून डोकी मोजत बसली होती.

त्या उड्या म्हणजे उनाडपणा नाही हो. जहाज १५० मीटर लांब आणि ११,००० टनांचं आहे. त्याच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, जाऊन चालत नाही, कारण तिथली लाट छोटी बोट आडवी करते. मागे पंख्याचा घुसळलेला पाण्याचा पट्टा असतो, त्यात माणूस टाकायचा नाही. म्हणून बोटी जहाजाच्या कुशीला समांतर, अंतर राखून धावतात. दोन बोटींमध्येही अंतर लागतं, नाहीतर पुढच्या बोटीवरून उडी मारलेल्या माणसावर मागची बोट येईल. उडी मारायची वेळ आली की तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, वेग उतरवतो, गिअर न्यूट्रलला आणतो, मागे कुणी नाही हे बघतो आणि मग हाक देतो. एका वेळी एकाच बाजूने, बोटीपासून लांब झेप घेऊन उडी मारायची. खाली नुसतं घसरायचं नाही, कारण पंखा मागेच असतो. मग बोट गोल फिरून येते, शिडी टाकते, माणसं वर घेते आणि डोकी मोजते. एक कमी भरलं तर बाकी सगळं सोडून आधी त्याला शोधायचं. बोटी अशा एकेक करून गळत जातात आणि शेवटची एखादीच बंदराच्या तोंडापर्यंत जहाजाबरोबर राहते. तिथून पुढे उघडा समुद्र. लाट मोठी असली तर तांडेल आतूनच वळतो, आणि कुणी त्याच्याशी हुज्जत घालत नाही.

हे सगळं शाळा, दवाखाना, दुकान, ऑफिस सांभाळून. ज्याला बोटीत जागा नाही तो धक्क्यावर असतो. ढोल वाजत असतात. जहाज हललं की 'सायोनारा' कुणी ओरडत नाही, 'इत्तेराश्शाई' ओरडतात, म्हणजे जाऊन या. वरून उत्तर येतं 'इत्तेकिमास', जाऊन येतो. जहाज दिसेनासं झालं की गाव सुनं पडतं, बरीच दुकानं त्या दुपारी बंदच राहतात. कामधंदे नाहीत का म्हणे! कामधंदा आहे, तो तेवढ्यापुरता बाजूला ठेवून ते हे करतात.

हो, टुरिस्टांनाही हा निरोप मिळतो आणि बोटवाल्यांची त्यात जाहिरात होते, हे मान्य. पुढे.

निरोपसमारंभांचंही असंच. मार्चभर कुणा ना कुणाचा समारंभ असतो. तारीख ठरते ती जहाज बघून, मनात येईल तेव्हा नाही. ताजी भाजी, दूध, फळं जहाजानेच येतात. जहाज लागतं त्या दिवशी दुकानात झुंबड उडते आणि पुढचं जहाज यायच्या सुमारास फळ्या उघड्या पडतात. म्हणून जेवण जहाज लागल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत ठेवायचं. ज्याला जायचंय त्याला शेवटच्या रात्री जागवायचं नाही, कारण त्याचं सामान बांधायचं असतं आणि पुढे २४ तास समुद्र. जेवणात शिमा-झुशी असते. माशाचे पातळ काप सोया सॉसमध्ये मुरवून भातावर ठेवतात आणि वासाबीऐवजी मोहरी लावतात. काही घरांत समुद्री कासवाचा रस्साही असतो. तो वाचून इथे काही जण नाक मुरडतील. तिथे ती जुनी रीत आहे आणि वर्षाला १३५ कासवांपलीकडे धरायची नाहीत असा नियम आहे. आनंदाचे दिवसही हे गाव असेच सगळे मिळून करतं. १ जानेवारीला समुद्रात उतरून वर्ष सुरू होतं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला देवळाची जत्रा आणि कुस्त्या, ऑगस्टमध्ये बोन-ओदोरीचा, म्हणजे पितरांच्या सणातल्या नाचाचा, फेर. ज्याच्याबरोबर जानेवारीत पाण्यात उतरलात त्याला मार्चमध्ये पोचवायला जायचं.

आता हार. जाणाऱ्याच्या गळ्यात फुलापानांचे हार घालतात, एकावर एक, हनुवटीपर्यंत. जहाज बंदराच्या तोंडाशी आलं की तो ते काढून समुद्रात टाकतो. हार वाहत किनाऱ्याला लागला तर तो माणूस परत येतो, असं मानतात. बेटावर पहिली वस्ती १८३० मध्ये झाली. हवाईहून आलेली ती माणसं होती, काही युरोपी-अमेरिकी आणि काही पॅसिफिकमधल्या बेटांवरची. हार पाहिले की मला त्यांचीच आठवण होते. करायला गजऱ्यासारखेच, पण काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. दोरा सुतीच हवा. नायलॉन, तार, रिबिन, चमकी यातलं काही नको, कारण हे सगळं समुद्रात जाणार आणि तिथे कासवं आहेत. ओवल्यावर मीटरभराचा फेर होईल एवढा दोरा घ्यायचा, वर गाठीसाठी वीतभर. फूल टिकणारं निवडायचं. बोगनवेल उत्तम, कागदासारखी असते, लवकर मलूल होत नाही. जास्वंद नको, संध्याकाळपर्यंत मिटते. मध्ये मध्ये नेच्याची पानं घातली की हार भरीव होतो आणि फुलं कमी लागतात. सकाळी ओवायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवायचा. फ्रिजमध्ये ठेवलात तर बाहेर काढल्यावर पाकळ्या काळ्या पडू शकतात. आणि टाकताना वारा कुठून येतोय ते बघायचं. वाऱ्याच्या तोंडावर टाकलात तर हार उलटा येऊन खालच्या डेकवरच्या माणसाच्या डोक्यावर. टाकायचाही बंदराच्या तोंडाच्या आतच, बाहेर गेलात की प्रवाह त्याला भलतीकडे नेतो.

त्या नर्सच्या गळ्यातले हार तिच्या मैत्रिणीने एकटीने केलेले नव्हते. दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांनी आपापल्या कुंपणावरची फुलं तोडून आणून दिली होती. हे लिहिताना जरा शांत झालेय.

पण पुढचं लिहिलं की परत राग येणार. नौटंकी म्हणणाऱ्यांनो, या बेटांना १९४४ मध्येही निरोप घ्यावा लागला. युद्ध जवळ आलं तेव्हा ६,८८६ रहिवाशांना हातात मावेल तेवढं सामान घेऊन सक्तीने मुख्य भूमीवर पाठवलं. युद्धानंतर बेटं अमेरिकेच्या ताब्यात गेली. १९४६ मध्ये १२९ जणांनाच परतू दिलं, जुन्या युरोपी-अमेरिकी वसाहतीच्या वंशातल्या घरांना. बाकीच्यांना २६ जून १९६८ ची वाट बघावी लागली, बेटं जपानला परत मिळेपर्यंत. वीस वर्षांहून जास्त! कित्येक जण तोवर गेले. अशा गावाने माणूस निघताना समुद्रात उडी मारली तर त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला समजावून सांगा.

हे फक्त ओगासावाराचं नाही. जपान समुद्रातल्या ओकी बेटांवर मार्चमध्ये कागदी फिती धरतात. फितीची गुंडाळी डेकवरच्याकडे, मोकळं टोक धक्क्यावरच्याकडे. गुंडाळ्यांच्या भोकांतून एक काठी किंवा दोरी ओवली की एकच माणूस वीस-पंचवीस फिती धरू शकतो आणि त्या आपोआप उलगडत जातात. गुंडाळी घट्ट मुठीत धरली तर फित लगेच तुटते. पावसात तर निभावतच नाही. फिती नंतर पाण्यातून गोळा कराव्या लागतात, म्हणून पाण्यात विरघळणारा कागदही वापरतात. कचरा होतो हा आक्षेप मला पटतो. पण गोळा करायलाही तीच माणसं उतरतात.

परत त्या दोघींकडे. जहाज निघायच्या आधी शेजारच्या बोटीचा म्हातारा तांडेल आपली बोट मुलावर सोपवून मैत्रिणीच्या बोटीवर चढला. काही न बोलता सुकाण्याशी जाऊन उभा राहिला. परवाना असलेला दुसरा माणूस मिळाल्याशिवाय तिला उडी मारता येणार नव्हती, हे त्याला कुणी सांगायला लागलं नाही. मैत्रिणीने शेवटच्या बोटीवरून, पार बंदराच्या तोंडाशी, कपड्यांसकट उडी मारली. वर नर्स कठड्याला धरून मोठ्याने रडत होती. मार्चचं पाणी तिथेही गार असतं. बोटीवर टॉवेल आणि चहाचा थर्मास आधीच ठेवलेला होता.

आता आपल्याकडे बघू या. निशिकासाईत आपणही बदलीचेच लोक. दोन वर्षं, तीन वर्षं, प्रोजेक्ट संपला की परत. इथे कुणाला सख्खं कुणी नाही, म्हणून दिवाळी एकत्र, गणपती एकत्र, पोरांची आजारपणं एकत्र. आणि निघताना? ग्रुपवर 'टेक केअर' आणि हात हलवणाऱ्या अस्वलाचं एक स्टिकर. गेल्या महिन्यात एक कुटुंब गेलं, लिफ्टपाशी त्यांच्या बॅगा उचलायला कोणीही नव्हतं. मीही नव्हते, ऑफिसात होते. ऑफिसं आहेत, रजा मिळत नाही, सगळं खरं. पण रविवारी सकाळी ९ ला कुणाचं ऑफिस असतं?

तर या रविवारी आपल्या ग्रुपमधलं जे कुटुंब कायमचं पुण्याला चाललंय, त्यांची एअरपोर्टची बस सकाळी सव्वानऊची आहे. सात बॅगा आहेत, लिफ्ट लहान आहे, म्हणून पावणेनऊला खाली चार माणसं लागतील. एक वर, दोन लिफ्टमध्ये फेऱ्या मारायला, एक बसपाशी सामान राखायला. पोरीच्या शाळेतल्या दोन मैत्रिणींच्या आयांशी मी बोललेय, त्या येतायत. हार मी करते, फुलं घेऊन ठेवते, ओवायला शनिवारी रात्री दोघी-तिघी या. प्रवासाला दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी द्या, ओलं काही देऊ नका, सिक्युरिटीत काढून घेतात. कोण येणार ते खाली नावानिशी लिहा. ज्यांना सकाळी जमणार नाही त्यांनी शनिवारी रात्री वर जाऊन भेटून या.