तक्रारीला दुसरं दार हवं

नाशिकमध्ये अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा विषय निघाला की चर्चा लगेच 'गैरवापरा'वर येते. 2016 च्या मराठा मोर्चांपासून हे जास्तच झालंय. परदेशात राहणारं आमच्यातलं कुणीतरी मग भर घालतं, की अमेरिकेत बघा, भेदभावाची तक्रार झाली म्हणून कुणाला अटक होत नाही. हे खरं आहे. पण का होत नाही, ते कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते मुद्दा तिथेच आहे.

कॅलिफोर्नियात नोकरीतल्या भेदभावाची तक्रार पोलिसांकडे जातच नाही. ती राज्याच्या सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडे जाते. पाच किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेला मालक या खात्याच्या कक्षेत येतो आणि तक्रारीची मुदत 3 वर्षं असते. आधी एक प्राथमिक फॉर्म भरायचा: काय झालं, कधी, कुणी केलं, कुणी पाहिलं. मग खात्याचा अधिकारी मुलाखत घेतो. प्रकरण त्यांच्या कायद्यात बसत असेल तर तक्रारीचा मसुदा खातंच तयार करतं. तक्रारदाराने वाचून सही करायची. पुढे ती मालकाच्या हातात पडते आणि त्याला लेखी उत्तर द्यावं लागतं: बढती याला का नाही, दुसऱ्याला का. खात्यातर्फे मध्यस्थीही मोफत होते. तक्रार केली म्हणून सूड उगवला, तर तो वेगळा भंग. या सगळ्यात कुणी गुन्हेगार ठरत नाही. भरपाई, बढती, धोरणात बदल, एवढ्यावर प्रकरण मिटू शकतं.

याला स्वर्ग समजू नका. बऱ्याच फायली पुराव्याअभावी बंद होतात आणि हातात फक्त दावा लावण्याच्या हक्काचं पत्र येतं. दावा लावायला राज्याच्या पत्रानंतर 1 वर्ष, अमेरिकी केंद्राच्या समान रोजगार संधी आयोगाचं पत्र असेल तर अवघे 90 दिवस, आणि वकील आपणच शोधायचा. आपली माणसं सगळ्यात जास्त कुठे फसतात, तर कंपनीच्या एचआरकडे अर्ज देऊन वाट बघत बसण्यात. त्या अर्जाने मुदत थांबत नाही; केंद्राच्या त्या आयोगाकडे तक्रार करायचे 300 दिवस तोवर सरत असतात. एच-वन-बी व्हिसावर काम करणाऱ्यांची भीती तर वेगळीच, कारण नोकरी गेली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस. शिवाय तिथल्या कायद्यातल्या भेदभावाच्या कारणांच्या यादीत 'जात' हा शब्दच नाही. जातीवरून झालेला त्रास वंश-पूर्वजांच्या रकान्यात बसवावा लागतो. 2023 मध्ये तो शब्द घालणारं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं, पण गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. जात आम्हीच तिथे नेली, हे कबूल करायला आमच्यातल्या अनेकांना अजून जड जातं.

आता सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीतला कारखाना घ्या. केबिनचं दार लावून साहेब जातीवरून बोलला. 'सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी' ही अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातली अट तिथेच आडवी येते. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटलंय. त्याच माणसाची बढती तीन वर्षं डावलली, तर खासगी मालकाला 'कारण लेखी दे' असं सांगणारं कार्यालयच जिल्ह्यात नाही. ज्या शहरात 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तिथे दाराबाहेर ठेवणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पण आपल्याकडे तक्रारीला एकच दार आहे, पोलीस ठाण्याचं. म्हणून सगळा वाद अटकेभोवती फिरतो आणि पगार, बढती, भाड्याचं घर या रोजच्या गोष्टी बाहेरच राहतात. मारहाण, बहिष्कार, जमीन बळकावणं यांना फौजदारी कायदाच हवा. तो सैल करा म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. मागणी आहे ती जोडीला दिवाणी दाराची.

त्याचा साचा अमेरिकेतून आणायची गरजही नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा 2013 चा कायदा बघा. 10 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती, त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार 3 महिन्यांत, चौकशी 90 दिवसांत, समितीत बाहेरची एक सदस्य, चौकशी चालू असताना बदली किंवा रजा मागायची सोय. समितीच नेमली नाही तर मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड. हेच जात, धर्म आणि अपंगत्वासाठी का नको? यातला कच्चा दुवाही माहीत आहे: स्थानिक समिती कुठे बसते हे कंत्राटी कामगाराला ठाऊकच नसतं. समितीचा पत्ता हजेरीच्या यंत्राशेजारी लागला पाहिजे.

ते होईपर्यंत आहे तेच दार नीट वापरायला हवं. ठाण्यात फिर्याद घेत नसतील तर तोच मजकूर लेखी, टपालाने वरिष्ठांकडे पाठवा: शहरात पोलीस आयुक्तालयाकडे, निफाड-सिन्नरकडे असाल तर ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकारी. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. अ‍ॅट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो आणि आरोपपत्राला 60 दिवसांची मुदत आहे. तपास खालच्या अधिकाऱ्याकडे दिसला तर लगेच लेखी हरकत घ्या. पुढे कोर्टात बचाव पक्ष नेमकं हेच काढतो. जातिवाचक अपमानाच्या गुन्ह्यात पीडिताला मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या 1 लाखापैकी 25 टक्के एफआयआरच्या टप्प्यावरच मिळायला हवेत. त्यासाठी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जा. आणि कुठलाही अर्ज दोन प्रतींत न्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय टेबल सोडू नका.