‘४५ टक्के व्याज घेणारी कंपनी बुडत नाही’ : बडोद्यात फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या सोसायट्यांच्या आणि निवृत्तांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो आहे. मजकूर थोडक्यात असा : ‘कार्ड कंपन्या महिन्याला ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४५ टक्के व्याज घेतात. सुप्रीम कोर्टानंही मर्यादा उठवली. शिवाय व्हिसावाले दुकानदाराकडून २ टक्के घेतात ते वेगळंच. एसबीआय कार्डाचं २०२४-२५चं उत्पन्न १८ हजार कोटींच्या वर, बुडीत फक्त ३ टक्के, लाभांश २५ टक्के. एफडीचे ७ टक्के घेत बसण्यापेक्षा एफडी मोडा आणि हा शेअर घ्या. आपल्या बँक ऑफ बडोदाच्या कार्ड कंपनीचाही शेअर घेता येतो. शेअरधारकाला कार्डाची फी माफ.’

यातले सुटे आकडे बरेचसे खरे आहेत, म्हणूनच मेसेज पटतो. चूक आहे ती त्यांच्या जोडणीत, आणि त्या जोडणीवर विसंबून कुणी पेन्शनच्या पैशांची एफडी मोडत असेल तर उत्तर देणं भाग आहे. इथे शेअर घ्या किंवा घेऊ नका असं काही सांगायचं नाही. हिशेब कसा वाचायचा एवढंच सांगायचं आहे.

‘वर्षाला ४५ टक्के व्याज’

दर खरा आहे. ज्याची बाकी फिरती राहते, म्हणजे पूर्ण बिल न भरता जो ती पुढच्या महिन्यात नेतो, त्याला १०,००० रुपयांवर महिन्याला ३७५ रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६७ रुपये ५० पैसे पडतात. हा जीएसटी सरकारजमा होतो, कंपनीचं उत्पन्न नव्हे.

पण हा दर सगळ्या बाकीवर लागत नाही. एसबीआय कार्डाच्या २०२४-२५अखेरच्या एकूण येण्यापैकी (कार्डधारकांकडून यायच्या बाकीपैकी) सुमारे ४० टक्के रक्कम मुदतीत पूर्ण बिल भरणाऱ्यांची होती. तिच्यावर व्याज शून्य. सुमारे ३५ टक्के ईएमआयवर होती, तिचा दर ४५च्या बराच खाली असतो. पूर्ण दर लागणारी फिरती बाकी राहते जेमतेम चौथा हिस्सा. म्हणजे १०० रुपयांपैकी ७५ रुपयांवर मेसेजमधला दर लागूच नाही.

कोर्टाचं म्हणाल, तर राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८मध्ये घातलेली ३० टक्क्यांची मर्यादा सुप्रीम कोर्टानं २० डिसेंबर २०२४ला रद्द केली, हे खरं. पण कंपन्या त्याआधीही ४० टक्क्यांच्या वरच दर लावत होत्या. त्या निकालानं नवी कमाई सुरू झाली असं मानायला जागा नाही.

‘उत्पन्न १८ हजार कोटींच्या वर’

मेसेज इथे थांबतो, आणि खरा हिशेब इथून सुरू होतो. एसबीआय कार्डाचं २०२४-२५चं एकूण उत्पन्न १८,६३७ कोटी रुपये. आता नफातोटा पत्रकात एकेक ओळ खाली उतरू.

पहिली वजावट कर्जाच्या व्याजाची : ३,१७८ कोटी. ही बँक नव्हे, ठेवी न घेणारी वित्तकंपनी आहे. दुकानदाराला पैसे एक-दोन दिवसांत पोचतात आणि कार्डधारक ते भरतो पन्नास-पन्नास दिवसांनी. मधल्या दिवसांचा पैसा कंपनीला बँकांकडून, डिबेंचर आणि कमर्शियल पेपर या कर्जरोख्यांतून उभा करावा लागतो. पूर्ण बिल भरणाऱ्या ‘चांगल्या’ गिऱ्हाइकाची बाकीसुद्धा कंपनी व्याजानं आणलेल्या पैशावरच सांभाळते. हा खर्च आदल्या वर्षी २,५९५ कोटी होता. नोव्हेंबर २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेनं वित्तकंपन्यांच्या कार्ड-येण्यावरचा जोखीमभार (कर्जामागे किती भांडवल राखायचं ते ठरवणारा टक्का) १०० वरून १२५ टक्के केला, शिवाय बँकांनी अशा कंपन्यांना दिलेल्या कर्जावरचा भारही वाढवला. पहिल्यानं भांडवल जास्त लागू लागलं, दुसऱ्यानं कर्ज महागलं.

दुसरी वजावट बुडीत खर्चाची : ४,८७२ कोटी. आदल्या वर्षी ती ३,२८७ कोटी होती, म्हणजे एका वर्षात जवळपास ४८ टक्के वाढ. अहवालात ही ओळ ‘इम्पेअरमेंट लॉसेस अँड बॅड डेट्स’ अशा नावानं येते. कार्ड कंपनीच्या अहवालात वाचकानं आधी ही ओळ शोधावी आणि उत्पन्नाचा आकडा नंतर बघावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उरलेला सुमारे ८,००० कोटींचा खर्च कंपनी चालवण्याचा : पगार, नवी कार्डं खपवणाऱ्यांचं कमिशन, रिवॉर्ड पॉइंट, वसुली, नेटवर्कची फी. हे सगळं जाऊन करपूर्व नफा सुमारे २,५८० कोटी आणि करानंतर १,९१६ कोटी. आदल्या वर्षी करानंतरचा नफा २,४०८ कोटी होता.

म्हणजे उत्पन्न सुमारे १,१५० कोटींनी वाढलं आणि नफा २० टक्क्यांनी घटला. उत्पन्नातली सगळी वाढ बुडीत खर्चाच्या एकट्या १,५८५ कोटींच्या वाढीनं खाऊन टाकली, वर व्याजखर्चाचे ५८३ कोटी वाढले. चालवण्याच्या खर्चात बचत झाली म्हणून घसरण २० टक्क्यांवर थांबली. ‘१८ हजार कोटी’ सांगणारा मेसेज या तीन ओळींबद्दल अवाक्षर काढत नाही.

उलट टोकाचा निष्कर्षही चुकीचाच ठरेल. नफा घटला म्हणजे कंपनी तोट्यात गेली असं नव्हे. मार्च २०२५ला भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या येण्याच्या तुलनेत कंपनीचं भांडवल) २२.९ टक्के होती, किमान अट १५ टक्क्यांची.

‘बुडीत फक्त ३ टक्के’

हा मुद्दा सगळ्यांत फसवा आहे, कारण आकडा अगदी बरोबर आहे. मार्च २०२५ला ढोबळ एनपीए ३.०८ टक्के होता, आदल्या वर्षी २.७६. घोटाळा हा की, ढोबळ एनपीए म्हणजे वर्षात बुडालेली रक्कम नव्हे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी वहीत *उरलेली*, नव्वद दिवसांहून जुनी थकबाकी म्हणजे ढोबळ एनपीए.

छोटं उदाहरण घेऊ. समजा, कंपनीचं येणं १,००० कोटी आहे आणि वर्षभरात त्यातले १०० कोटी नव्वद दिवसांच्या पलीकडे थकले. यातले ७० कोटी वसूल होणार नाहीत म्हणून कंपनीनं राइट-ऑफ केले, म्हणजे वहीतून काढून टाकले. आता थकलेले उरले ३० कोटी, आणि एकूण येणंही घटून ९३० कोटी झालं. ३० भागिले ९३०, म्हणजे साधारण ३.२ टक्के. तुम्ही वाचणार ‘बुडीत ३ टक्के’, आणि प्रत्यक्षात थकले १०० कोटी. घरावरच्या कर्जाला तारण असतं, वसुली वर्षानुवर्षं चालते, म्हणून तिथे एनपीए वहीत रेंगाळतो. कार्डाच्या बाकीला तारण नाही, त्यामुळे ती लवकर काढली जाते आणि टक्का नेहमी बरा दिसतो.

मग बघायचं काय? वर्षाचा बुडीत खर्च भागिले सरासरी येणं. एसबीआय कार्डाचं येणं मार्च २०२४ला ५०,८४६ कोटी होतं, मार्च २०२५ला ५५,८४० कोटी. सरासरी ५३,३४३. आता ४,८७२ला त्यानं भागा : ९.१ टक्के. दर १०० रुपयांच्या बाकीमागे ९ रुपयांहून जास्त, आणि तेही पूर्ण बिल भरणाऱ्यांची बाकी धरून. फिरत्या बाकीवरचा दर एवढा चढा का असतो, याचं मोठं कारण इथेच सापडतं.

पुढचा अंदाज हवा असेल तर वार्षिक अहवालाच्या टिपांमधला ‘स्टेज’चा तक्ता उघडावा. ३० दिवसांपर्यंतची थकबाकी साधारणपणे स्टेज एकमध्ये, ३१ ते ९० दिवसांची दोनमध्ये, त्यापुढची तीनमध्ये. स्टेज दोन फुगत असेल तर पुढच्या दोन-तीन तिमाहींत बुडीत खर्च वाढण्याचा धोका असतो, आज एनपीए कितीही शांत दिसो.

‘व्हिसावाले दुकानदाराकडून २ टक्के घेतात’

मांडवीच्या एखाद्या साडीच्या दुकानात कार्ड चालवल्यावर मशिनमधून निघालेली चिठ्ठी हातात घ्या. कार्डावर एका बँकेचं किंवा कार्ड कंपनीचं नाव असतं. कोपऱ्यात व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे. आणि चिठ्ठीच्या माथ्यावर बऱ्याचदा तिसरंच नाव असतं, दुकानदाराला मशिन देणाऱ्या बँकेचं. दुकानदाराच्या २ टक्क्यांत तिघांचे वाटे आहेत. १०,०००च्या साडीवर २०० रुपये कापले असं धरलं, तर सगळ्यांत मोठा वाटा कार्ड देणाऱ्याचा, त्यानंतर मशिनवाल्याचा आणि नेटवर्कचा.

व्हिसाचाच आकडा बघा. ३० सप्टेंबर २०२४ला संपलेल्या वर्षात तिच्या नेटवर्कवरची खरेदी सुमारे १३.२ लाख कोटी डॉलर आणि तिचं निव्वळ उत्पन्न ३५.९ अब्ज डॉलर. भागाकार केला तर ०.२७ टक्के. त्यातून १९.७ अब्ज डॉलर नफा उरला, कारण व्हिसा कार्डधारकाला कर्ज देत नाही. तिच्या पत्रकात बुडीत बाकीची ती ओळच नसते. व्याजही ती घेत नाही. व्हिसाचं नफ्याचं प्रमाण दाखवून भारतातल्या कार्ड देणाऱ्या कंपनीचा शेअर सुचवणं म्हणजे रस्त्याचा टोल घेणाऱ्याच्या कमाईवरून ट्रकमालकाचा नफा ठरवणं. शिवाय व्हिसाचं वर्ष सप्टेंबरात संपतं, आपलं मार्चमध्ये. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवताना हे सहा महिन्यांचं अंतर लक्षात ठेवावं.

रुपे चालवणारी एनपीसीआय ही ना-नफा तत्त्वावरची, शेअर बाजारात नसलेली संस्था आहे. तिचा शेअर विकतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

‘लाभांश २५ टक्के’

लाभांशाचा टक्का दर्शनी किमतीवर (शेअरच्या मूळ नोंदलेल्या किमतीवर) सांगतात, बाजारभावावर नाही. दर्शनी किंमत १० रुपये, लाभांश २.५० रुपये, म्हणून २५ टक्के. तुम्ही मात्र शेअर १० रुपयांना घेत नाही. मार्च २०२०च्या पब्लिक इश्यूत तो ७५५ला दिला होता, आणि १६ मार्चला बाजारात पहिल्याच दिवशी ६६०च्या आसपास उघडला. ७५५ धरून हिशेब केला तर २.५० रुपये म्हणजे ०.३३ टक्के.

५ लाखांची एफडी ७ टक्क्यांनी वर्षाला ३५,००० देते. त्याच ५ लाखांत ७५५ भावानं ६६२ शेअर येतात आणि त्यांचा लाभांश होतो १,६५५ रुपये. बाकी सगळं भाव वाढण्यावर अवलंबून. व्याजावर घरखर्च चालवणाऱ्यानं हे दोन आकडे कागदावर शेजारी लिहून बघावेत.

प्रतिशेअर नफा साधारण २० रुपये आणि वाटप २.५० रुपये, म्हणजे कंपनीनं आठवा हिस्सा वाटला. यात गैर काही नाही. येणं वाढवायचं तर भांडवल लागतं, आणि ते नफ्यातूनच राखलं जातं.

बँक ऑफ बडोदाची कार्ड कंपनी

सयाजीराव महाराजांनी १९०८मध्ये स्थापलेल्या या बँकेबद्दल बडोदेकरांना आपलेपणा आहे, आणि मेसेज नेमका त्यालाच हात घालतो. बॉबकार्ड ही बँकेच्या पूर्ण मालकीची कंपनी. तिचा शेअर बाजारात नाही. तिचे आकडे बँकेच्या एकत्रित ताळेबंदात मिळतात. ‘अनलिस्टेडमध्ये मिळवून देतो’ म्हणून कुणी आगाऊ पैसे मागत असेल तर ती सरळ फसवणूक समजा.

फीमाफी आणि लाभांशाची तारीख

शेअरधारकाला लाभांश मिळतो, मत देता येतं, वार्षिक अहवाल मिळतो. कार्डाची फी माफ होते ती त्या कार्डाच्या अटींतला वार्षिक खर्च पूर्ण झाला तर. डीमॅटमध्ये १ शेअर असो की १,०००, त्याचा फीशी संबंध नाही.

लाभांशासाठी शेअर घेताना नेहमी होणारी चूक रेकॉर्ड डेटची, म्हणजे ज्या दिवशी शेअर नावावर असेल त्यालाच लाभांश मिळतो त्या तारखेची. सौदा पुढच्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो. रेकॉर्ड डेट मंगळवारी असेल तर सोमवारी घेतलेला शेअर चालतो, मंगळवारी घेतलेला नाही. मधे सुट्टी असेल तर आणखी आधी घ्यावा लागतो. एका कंपनीकडून वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतच्या लाभांशावर निवासी व्यक्तीचा टीडीएस कापत नाहीत. शेअरमागे २.५० रुपये धरले तर ही मर्यादा ४,००० शेअरपाशी येते. टीडीएस कापला नाही म्हणजे लाभांश करमुक्त झाला असं मात्र नाही. १ एप्रिल २०२०पासून तो घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो.

आणि डीमॅटला जोडलेलं बँक खातं चालू आहे ना, ते एकदा तपासा. खातं बंद असेल तर लाभांश परत जातो. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही तर ती रक्कम आणि ते शेअरही केंद्र सरकारच्या आयईपीएफ (गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण) निधीकडे वर्ग होतात. ते परत मिळवायचे तर आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरून त्याची कागदपत्रं कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवावी लागतात.