शेजाऱ्याचं स्थळ

परवा शेजारी समोरून गेला आणि नुसती मान हलवली, तीसुद्धा अर्धीच. अरे, तुझ्या चारित्र्यापायी मी पाऊण तास घालवला, ऑफिसची मीटिंग सोडून!

इथे अमेरिकेत, व्हर्जिनियात सरकारी क्लिअरन्सवाले, म्हणजे सरकारी गुपितं हाताळायची परवानगी असलेले, गल्लोगल्ली. त्यासाठी एसएफ-८६ नावाचा शंभरावर पानांचा फॉर्म भरतात, त्यात ओळखणारे म्हणून या पठ्ठ्याने मला न विचारता माझं नाव ठोकून दिलेलं. मग मंगळवारी दारात ओळखपत्र दाखवत एक सूटवाला.

आई कराडहून सहा महिन्यांसाठी आलीय. ती आमच्या मधोमध पोह्यांची डिश ठेवून बसलीच. तो विचारतोय, दारू पितो का, कर्जबिर्ज आहे का, रात्री-अपरात्री कोण येतं, आणि मी आईला मराठीत सांगतोय. तिसऱ्या प्रश्नाला तिचा चेहरा उजळला.

"मुलीकडचे आहेत होय! सांग त्यांना, मुलगा निर्व्यसनी आहे."

"आई, दर गुरुवारी त्याच्या रिसायकलिंगच्या डब्यात बाटल्या..."

"गप रे. कुणाचं जमत असताना मोडता घालू नये. गवतसुद्धा स्वतः कापतो म्हणावं."

ती काय म्हणतेय, असं सूटवाल्याने विचारलं. मी म्हटलं, गवत स्वतः कापतो. त्याने ते गंभीरपणे लिहून घेतलं. पोह्यांना मात्र हात लावला नाही, आईला तेवढं खटकलं, "मुलीकडचे असून एवढा ताठा?"

पुढचा प्रश्न, परदेशी लोकांशी संबंध? दिवाळीत आईने शेजाऱ्याला डबाभर चकल्या दिल्या होत्या. म्हटलं, आहेत की, आम्हीच. तो हसला नाही. माझ्या आडनावाचं स्पेलिंग तीनदा विचारलं, वर माझंच नागरिकत्व.

आता नागरिकत्व म्हणाल तर १२ वर्षं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर काढलीत. नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डात कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांच्या वर वाटा नाही, त्यामुळे आपली भारतीयांची रांग हलता हलत नाही, नंबर लागायची तारीख कधी चार आठवडे पुढे, कधी सरळ वर्षभर मागे. टॅक्स वेळेवर, गवत मीही स्वतःच कापतो, पण माझ्याबद्दल शेजाऱ्याला विचारायला आजवर कुणी सूट घालून आलेलं नाही. आणि याच्या देशनिष्ठेची ग्वाही द्यायला मी चालतो!

काल चहा पिताना आई खिडकीतून त्याच्याकडे बघत म्हणाली, "काय रे, तारीख निघाली का?"

म्हटलं, कुणाची?