मधल्या तीन टिंबांनी पैसे खाल्ले

काल ताईचे पैसे गेले. पासवर्ड फुटला नाही, फोन चोरीला गेला नाही, तिने कुणाला काही सांगितलं नाही. तिने फक्त कॉपी-पेस्ट केलं!

दर महिन्याला ज्या माणसाला ती इथर (इथेरियमचं डिजिटल चलन) पाठवते, त्याचा पत्ता, म्हणजे खाते क्रमांकासारखी अक्षरांची लांब ओळ, तिने जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचलला. सुरुवातीची अक्षरं बरोबर, शेवटची बरोबर, मध्ये तीन टिंबं. पण तो पत्ता त्याचा नव्हताच. कुण्या चोराने पुढची-मागची अक्षरं जुळवून दुसरा पत्ता बनवला आणि त्यावरून चिमूटभर इथर पाठवून तो तिच्या यादीत घुसवून ठेवला. या लबाडीला ‘ॲड्रेस पॉयझनिंग’ असं नाव पडलंय, म्हणजे वॉलेटवाल्यांना (ही चलनं ठेवायचं-पाठवायचं ॲप बनवणाऱ्यांना) हे चांगलं ठाऊक आहे. तरी ४२ अक्षरांचा पत्ता कापून आठ-दहा अक्षरंच दाखवतात. आणि तक्रार केल्यावर उत्तर काय, तर ‘व्यवहार मागे घेता येत नाही, पुढच्या वेळी पूर्ण पत्ता तपासा.’ अरे, पण तुम्ही तो दाखवता कुठे?

चीड याची येते की पैसे दिसतायत. कुठल्या पत्त्यावर गेले, किती वाजता गेले, सगळं जगासमोर उघडं आहे. ताई रात्रभर तो पत्ता उघडून बसली होती. हात मात्र लावता येत नाही.

बँकांवर माझा काडीचा जीव नाही. तोच केवायसीचा कागद तीनदा मागतात, फोनवर एक दाबा, दोन दाबा करत अर्धा तास घालवतात. पण कार्डावर परस्पर खर्च पडला तर कार्ड बंद करता येतं, चार्जबॅक, म्हणजे खर्च उलटवून पैसे परत, मागता येतो. स्वतःच्या हाताने चुकीच्या खात्यात पाठवलेले पैसे तिथेही सहजी परत येत नाहीत, मान्य. पण त्या खात्यामागे कागदपत्रं दिलेला माणूस असतो, खातं गोठवता येतं, तक्रार करायला वरचं दार असतं. रोख रक्कमही हरवली की गेलीच, पण निदान नोट हातात ठेवताना समोरचा चेहरा दिसतो!

हे सगळं चुकून झालेलं नाही. अशा चलनांची सुरुवात ज्याने झाली तो २००८ चा बिटकॉइनचा मूळ निबंध वाचा. पैसे परत फिरवता येतात हीच त्याची तक्रार आहे. व्यवहार उलटवता आला नाही की विक्रेता सुरक्षित, आणि ग्राहकासाठी एस्क्रोची (सौदा पुरा होईपर्यंत पैसे मध्ये राखून ठेवण्याची) सोय सहज करता येईल, एवढ्यावर विषय संपवलाय. कुठे आहे ती सोय?

आणि ‘उलटवता येत नाही’ हे आम्हाला सांगू नका. २०१६ मध्ये ‘द डीएओ’ या इथेरियमवरच्या सामायिक गुंतवणूक निधीमधून सुमारे ३६ लाख इथर पळवले गेले, तेव्हा हार्ड फोर्क करून, म्हणजे व्यवहारांच्या साखळीचे (ब्लॉकचेनचे) नियमच बदलून, परत आणलेच ना? मोठ्यांचं बुडालं तेव्हा साखळी वळली. माझ्या बहिणीसाठी कोण वळवणार?

वर ‘नॉट युअर कीज, नॉट युअर कॉइन्स’, म्हणजे किल्ली तुमच्याकडे नसेल तर नाणीही तुमची नाहीत, असं ऐकवणारे आहेतच. ती गुप्त किल्ली स्वतःकडे ठेवली तर ताईचं हे झालं. दुसऱ्याकडे ठेवली तर सेल्सियस ही क्रिप्टो ठेवी घेणारी कंपनी आठवा: जून २०२२ मध्ये पैसे काढणं बंद, आणि जानेवारी २०२३ मध्ये कोर्ट म्हणालं, व्याजाच्या खात्यांतली नाणी कंपनीचीच. मग माणसाने ठेवायची कुठे?

निदान ती तीन टिंबं काढा. अख्खी ४२ अक्षरं दाखवा. पडद्यावर दोन ओळी जातील, जाऊ देत!