दहाव्या वर्षी मोजपट्टी लावू नका

उन्हाळी शिबिराची नावनोंदणी सुरू झाली आणि इथे बडोद्यात पालकांच्या मोबाइलवर तोच संदेश पुन्हा फिरू लागला : ‘दहाव्या वर्षी उंची-वजन बघा आणि मुलाचा खेळ ठरवून टाका. उंच तो वेगवान गोलंदाज, बुटका तो यष्टिरक्षक, जाडा तो कबड्डीत कोपऱ्याला. हातापायाने अधू असेल त्याने मैदानाचा नाद सोडावा.’ काल दांडिया बाजारातून एक आई मुलीला घेऊन आली. म्हणाली, “सर, ही लहानखुरी आहे, हिला खो-खोतच घाला.” म्हणून लिहितोय.

उंच गोलंदाजाला उसळी जास्त मिळते, हे खरं. पण वेस्ट इंडिजचा वेगवान गोलंदाज माल्कम मार्शल सहा फुटांचाही नव्हता आणि कसोटीत त्याचे ३७६ बळी आहेत. टप्पा पडल्यावर चेंडू घसरत अंगावर यायचा, तेच त्याचं हत्यार.

आपल्या बडोद्याचा यष्टिरक्षक किरण मोरे चणीने लहान. १९८८च्या मद्रास कसोटीत इंदूरच्या नरेंद्र हिरवाणीने पदार्पणातच १६ बळी घेतले, तेव्हा यष्ट्यांमागे मोरे होता. त्या सामन्यात त्याने सहा जणांना यष्टिचीत केलं. उकिडवं बसायला लहान चण सोयीची, मान्य. पण चेंडू कुठे वळणार हे गोलंदाजाच्या हातावरून ओळखता आल्याशिवाय सहा यष्टिचीत होत नाहीत. धोनी तर मोरेपेक्षा बराच उंच.

कोपऱ्याचं विधान साफ चूक आहे. कोपऱ्याचं, म्हणजे बचावाच्या रांगेत टोकाला उभ्या खेळाडूचं, काम चढाई करणाऱ्याचा घोटा धरण्याचं. माझ्याकडे डाव्या कोपऱ्याला तेरा वर्षांची मुलगी आहे, संघात सगळ्यात हलकी. समोरची चढाईवाली बोनस गुणासाठी पाय टाकते, ही हलत नाही. दुसऱ्यांदा हूल देते, तरी नाही. तिसऱ्यांदा त्या पायावर भार आला रे आला, की दोन्ही हातांनी घोटा धरून स्वतःकडे ओढते. मग कव्हरवाल्या, म्हणजे रांगेत आतल्या बाजूला उभ्या असलेल्या, अंगावर पडतात. वजन लागतं ते तिथे. हलकी म्हणून मीही तिला दोन महिने चढाईलाच पाठवत होतो. तिची सबुरी मला दिसली नव्हती.

आणि अधू मुलांचं? फिरकी गोलंदाज भागवत चंद्रशेखरांचा उजवा हात लहानपणी पोलिओने कमजोर झाला. चेंडू फेकायचे ते डाव्याने, पण गोलंदाजी त्याच उजव्या हाताने. १९७१मध्ये ओव्हलवर त्यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले आणि भारताने इंग्लंडमध्ये पहिली कसोटी जिंकली. असलं वाक्य पुढे पाठवताना घरातल्या मुलाने ते वाचलं तर, एवढं तरी मनात यावं.

शिवाय दहाव्या वर्षीची उंची धरून चालायचं कसं? कुणी बाराव्या वर्षी ताडमाड होतो, कुणी सोळाव्या.

त्या आईला सांगितलंय, उद्या सकाळी साडेसहाला पाठवा. पहिला महिना ती सगळं खेळेल, मी बघत राहीन.